हरला तो फोडेल

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला जात विचारली नाही, मटण-मासे खाता का विचारलं नाही, लग्न कधी करणार हेही विचारलं नाही. नाशिक रोडला त्या काळी एकट्या बाईला खोली देताना हे प्रश्न ठरलेले असत, आणि घोटीहून येताना मी त्यांची उत्तरं एसटीत पाठ करून आले होते. ह्या घरमालकांनी माझ्या हातात एक लांबलचक काठी दिली आणि म्हणाले, "फोडा."

"काय फोडू?"

"समोर आहे ते."

समोर हिरवं कापड चढवलेलं भलंमोठं टेबल होतं. त्यावर नऊ रंगीत बॉल एकमेकांना चिकटवून पत्त्यातल्या चौकटसारखे मांडलेले होते आणि अलीकडे एक पांढरा. बरोबर आई होती. तिने पदर सावरला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ह्यो माणूस येडा हाय का गं?" सकाळपासून जाईन तिथे नकार ऐकून माझं डोकं तापलेलंच होतं. मी काठी धरली आणि सगळा राग त्या पांढऱ्यावर काढला. रंगीत बॉल जागचे फारसे हललेच नाहीत. पांढरा मात्र टेबलावरून उडाला, फरशीवर आपटला आणि गडगडत जिन्याखालच्या चपलांत जाऊन थांबला.

जिन्याच्या वरच्या तोंडाशी स्वयंपाकघर होतं. तिथून एका बाईचा आवाज आला, "पांढरा?"

"चपलांत," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बाई, खोली तुमची. राग आहे, पण तुम्ही तो लपवत नाही. बाकीचं शिकता येतं."

मी शाळेत शिकवते म्हटल्यावर त्यांनी मला पहिल्या दिवसापासून बाईच म्हटलं. मी त्यांना काका म्हणायला लागले, कारण अख्खा जेल रोड त्यांना काकाच म्हणायचा. नव्वदचं दशक संपत आलेलं होतं. खाली काकांचं पूल पार्लर, वर ते आणि काकू, आणि मागच्या अंगाला आम्ही चार बिऱ्हाडं. त्या खोलीत मी लग्न होईपर्यंत राहिले आणि लग्नानंतर माहेर कुठलं असं कुणी विचारलं, तर घोटीच्या आधी जेल रोड ओठावर यायचा.

काका ओझरच्या कारखान्यात होते. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन आलेल्या पैशांतून त्यांनी ते टेबल आणलं. "लोक फंडातून घराला मजला चढवतात, ह्यांनी गोट्या आणल्या," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सांगताना आवाजात तक्रार असे, पण रोज सकाळी त्या गोट्या ओल्या फडक्याने पुसत त्याच. काकांच्या अंगात बारा महिने पांढरा बुशशर्ट आणि खिशात काठीच्या टोकाला लावायचा निळा खडू. त्या खडूची बोटं सगळीकडे उमटायची. भाड्याच्या पावतीवर निळी बोटं, देवघराच्या दारावर निळी बोटं. एकदा काकूंनी हळदीकुंकवाला आणलेल्या पेढ्यांवर ती दिसली, तेव्हा मात्र ते दिवसभर खाली पार्लरमध्येच बसून राहिले.

पार्लरच्या भिंतीवर पाटी होती. इतरत्र असतात तशी 'उधार बंद' किंवा 'शिवीगाळ करू नये' वगैरे नाही. पत्र्याच्या पाटीवर पेंटरकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'हरला तो फोडेल'. नाशकात दुसरीकडे कुठेही ही रीत नव्हती. दुसरीकडे जो गेम जिंकेल तोच पुढचा गेम फोडायचा, म्हणजे ब्रेक त्याचा. काकांकडे उलटं. जिंकलेल्याने बॉल लाकडी चौकटीत मांडून द्यायचे आणि हरलेल्याने फोडायचे. आणखी एक गोष्ट त्यांच्याकडे उलटी होती, ती माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आली. तिथे बसायला खुर्ची नव्हती. ज्याची पाळी नसेल तो भिंतीला टेकून उभा राही.

मला खेळ कधीच जमला नाही. पण शाळेतून आल्यावर चहाचा कप घेऊन मी खाली उभी राहायचे आणि काका कुणाला तरी शिकवत असलेलं ऐकायचे. ब्रेकबद्दल त्यांच्याएवढं बोलणारा माणूस मी पाहिला नाही. पोरं धावत येऊन जीव खाऊन फोडायची. काका कपाळाला हात लावायचे. "अरे, नारळ फोडतोयस का? जोर सगळे लावतात. फोडल्यावर पांढरा कुठे उभा राहिला ते बघ. रंगीत चहूकडे गेले पाहिजेत आणि पांढरा मधोमध. घरात भांडण झालं तरी घरधनी मधोमध उभा पाहिजे, तसं."

घरधनी कुठे उभा असतो ते वर काकूंना चांगलं ठाऊक होतं. त्या स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून सांगत, बॉल घट्ट मांडले होते की सैल. घट्ट मांडलेले बॉल फुटले की एकच आवाज येतो. सैल असले तर आवाज फाटतो. काकांनी स्वतः फोडलं की त्या पोळी लाटता लाटता हाक मारायच्या, "पांढरा?" आणि काका खालून सांगायचे, "मधोमध." त्यांच्या संसारात मी ऐकलेलं गोड बोलणं एवढंच. मला तेव्हा त्याचं हसू यायचं, आता येत नाही.

हरल्याला आधी, ही रीत त्यांनी नळालाही लावली होती. मागच्या अंगणात आम्हा सगळ्यांत मिळून एकच नळ. काल ज्याने शेवटी पाणी भरलं त्याचा हंडा आज पहिला, हा काकांचा कायदा. ते स्वतः उजाडताना खाली येऊन हंड्यांची रांग लावत. स्वतःची घागरही त्याच कायद्याने. ऐकायला हे फार न्यायाचं वाटतं. पण उन्हाळ्यात पाणी मध्येच जायला लागलं तसं उद्या पहिला नंबर मिळावा म्हणून आज शेवटी भरायला जो तो टपू लागला. एके सकाळी नळ सुटला तरी कुणीच पुढे होईना. पोस्टातले शिंदे दात घासत बसले, मी वेणी घालत बसले, आणि सगळं पाणी गटारात वाहून गेलं. शिंदे म्हणाले, "काका, तुमच्या न्यायापायी आज सगळेच पारोसे." काका नळाकडे बघत राहिले. "म्हणजे आज सगळेच हरले," ते म्हणाले, "उद्या चिठ्ठ्या टाकू." आणि खरंच टाकल्या. पाऊस पडून पाणी पुरायला लागलं तसा जुना कायदा परत सुरू झाला.

हे खूळ आलं कुठून, हे मला काकूंनी सांगितलं. आम्ही दोघी गॅलरीत मेथी निवडत होतो. काका नोकरीत असताना कारखान्याच्या क्लबात खेळायचे आणि तिथे त्यांच्यासमोर कुणी टिकत नसे. मग एका वर्षी रजा टाकून ते मुंबईला एका मोठ्या स्पर्धेत गेले. काकूंनी वाटेत खायला दशम्या करून दिल्या होत्या.

"तिथं आधी कोण फोडणार ते ठरवायची एक पद्धत असते," काकू म्हणाल्या. "दोघांनी आपला बॉल पलीकडच्या कडेला आपटून परत आणायचा. ज्याचा आपल्या कडेच्या जास्त जवळ थांबेल त्याचा ब्रेक. ह्यांचा दोन बोटं लांब थांबला."

"मग?"

"मग काय. समोरच्याने फोडलं, बॉल भोकात पडला. बॉल पडला की तो चुकेपर्यंत खेळ त्याचाच. तो चुकलाच नाही. जिंकला, म्हणून परत त्यानेच फोडलं. परत चुकला नाही. असे पाचही गेम. हे आपले खुर्चीत बसून काठीला खडू लावतायत. एकदाही उठावं लागलं नाही गं त्यांना."

मी मेथीची पुढची जुडी सोडली. काकू काड्या बाजूला करत म्हणाल्या, "घरी आले तेव्हा मी विचारलं, कसा झाला खेळ? तर म्हणाले, खुर्ची चांगली होती."

एवढंच. पुढे त्यावर ते कधी बोलले नाहीत. खेळात हरलेला माणूस मी समजू शकते, आमच्या घोटीच्या घरात असे पुष्कळ झाले. पण इतक्या लांब जाऊन ज्याला खेळायलाच मिळालं नाही, त्याने ते कुठे ठेवायचं? काकांनी ते पत्र्यावर रंगवून भिंतीवर लावलं होतं. त्या दिवसानंतर त्या पाटीला मी कधी हसले नाही.

काकांना एकच मुलगा, नितीन. डिप्लोमा करून सातपूरला एका कंपनीत लागला होता. त्याचा हात बापापेक्षा चांगला होता, हे काकांनीच मला सांगितलं होतं, त्याला कधी सांगितलं नाही. त्याला बाहेर खेळायचं होतं. कॉलेज रोडला नवं एसी पार्लर झालं होतं, तिथे तो शनिवार-रविवार जायचा. तिथल्या रिवाजाने खेळून आला की घरात धुसफूस व्हायची.

एकदा ती माझ्यासमोरच फुटली. नितीन टेबलाच्या ह्या बाजूला, काका त्या बाजूला.

"बाबा, ती पाटी काढा आता. चांगले प्लेअर आपल्याकडे का येत नाहीत माहितीये? इथे जिंकलं तरी ब्रेक मिळत नाही."

"जिंकलेल्याला आणखी काय काय द्यायचं?"

"ते तुमच्या इथे ठीक आहे. इथली पोरं ब्रेक मिळाला तरी दुसऱ्याच बॉलला चुकतात. मोठ्या खेळात कोणी चुकत नाही. तिथे ब्रेक ज्याचा खेळ त्याचा. तुम्हालाच हे जास्त कळतं."

काका टेबलाची कड फडक्याने पुसायला लागले.

"तुम्ही मला लाडावून ठेवलंय," नितीन म्हणाला. "मी हरतो आणि तुम्ही माझ्यापुढे पांढरा ठेवता. मुंबईत कोण ठेवणार आहे?"

काकांचा चेहरा उतरला. मला नितीनचा राग आला आणि त्याचं म्हणणं खरं आहे हेही कळत होतं. शेवटी काकाच म्हणाले, "रविवारी दुपारी ये. तुझ्या रीतीने खेळू. जिंकेल तो फोडेल, पाच गेम आधी घेईल तो जिंकला. तू जिंकलास तर पाटी काढ आणि खुशाल जा स्पर्धेला. मी जिंकलो तर पाटी राहील आणि तू ह्या वर्षी जायचं नाहीस."

रविवारी पार्लर बंद ठेवून आम्ही बिऱ्हाडकरू तेवढे भिंतीला टेकून उभे राहिलो. नितीन म्हणाला, खऱ्या खेळात असते तशी खुर्ची पाहिजे. घरातल्या खुर्च्या जड होत्या, म्हणून माझ्या खोलीतली लोखंडी घडीची खुर्ची खाली आणली. काकू वरच थांबल्या. "मला नाही बघायचं," म्हणाल्या, पण स्वयंपाकघराचं दार त्यांनी सताड उघडं ठेवलं.

आधी कोण फोडणार ते ठरवायला दोघांनी बॉल मारले. ह्या खेपेला काकांचा कडेला अगदी चिकटून थांबला. नितीनने बॉल मांडून दिले आणि तो माझ्या खुर्चीत जाऊन बसला.

त्या दुपारी काका जसे खेळले तसे मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एकच घट्ट आवाज यायचा. वरून "पांढरा?" आणि खालून "मधोमध." मग एकापाठोपाठ एक बॉल, ओळीने, शेवटचा नऊ नंबरचा पडेपर्यंत. नितीनने उठायचं, बॉल मांडायचे, परत बसायचं. आधी तो पाय हलवत होता. मग पाय हलायचे थांबले. मग तो काठीच्या टोकाला खडू लावायला लागला. लावलेल्यावरच परत लावत होता, आणि निळी भुकटी त्याच्या पँटवर पडत होती.

चार गेम काकांचे झाले. एक उरला होता. नितीनने बॉल मांडले आणि तो बसला. काका फोडायला वाकले, आणि तसेच वाकलेले राहून त्यांनी खुर्चीकडे बघितलं. नितीन खाली बघून खडू लावत होता. मागे शिंदे खाकरले.

मग काकांनी फोडलं. आवाज आधीच्यासारखाच आला, घट्ट. बॉल चहूकडे गेले, एक पडलाही. पांढरा टेबलाच्या मध्यावर आला, थांबेल असं वाटलं, आणि हळूहळू जाऊन कडेच्या मधल्या भोकात पडला.

"पांढरा?" वरून काकू.

काकांनी भोकात हात घालून पांढरा बाहेर काढला.

"अहो, पांढरा?"

"पडला," काका म्हणाले.

जिन्यावर पावलं वाजली. काकू खाली येऊन शेवटच्या पायरीवर उभ्या राहिल्या. त्यांनी काकांकडे बघितलं आणि काकांनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. पांढरा पडला म्हणजे चूक, आता खेळ नितीनचा. नितीन उठला. त्याने पांढरा टेबलावर ठेवला. तो गेम त्याने घेतला, आणि पुढचा त्यानेच फोडला, आणि त्याच्या पुढचाही. काका खुर्चीत बसले. नितीनचे पाच गेम होईपर्यंत त्यांना उठावं लागलं ते फक्त बॉल मांडायला.

संपलं तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमची खुर्ची चांगली आहे."

काकू तोंडाला पदर लावून वर निघून गेल्या. मलाही तिथे थांबवेना.

पाटी नितीननेच काढली. काकांनी त्याच्यासाठी स्टूल धरलं. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला. जायच्या आदल्या दिवशी नितीन मला जिन्यात भेटला. म्हणाला, "ताई, बाबांचा पांढरा आजवर कधी पडलाय?" मी म्हटलं, मला खेळातलं काही कळत नाही. तो म्हणाला, "तुम्हाला कळतंय." दुसऱ्या दिवशी पिशवी खांद्याला लावून तो पहाटेच्या गाडीने मुंबईला गेला. काकूंनी दशम्या दिल्या होत्याच.

स्पर्धा किती दिवस चालणार, कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. घरात फोन होता, पण तो वाजला नाही. काका पार्लरमध्ये यायचे, टेबल झाडायचे, पण पोरांना शिकवायचे नाहीत. कुणी जीव खाऊन फोडलं तरी कपाळाला हात लावायचे नाहीत. काकूंनी तर ऐकणंच सोडलं होतं, स्वयंपाकघरात रेडिओ मोठ्याने लावून ठेवायच्या. मी आणि शिंदे येता-जाता एकमेकांना नुसत्या मानेने विचारायचो, कळलं का काही.

मग एके सकाळी मी हंडा घेऊन नळावर गेले तर रांग लागलेली. त्या दिवशी पहिला नंबर शिंद्यांचा होता, आणि काकांच्या घरचा अगदी शेवटी, कारण आदल्या दिवशी ते पहिले होते. काकांनी स्वतःसाठी कायदा मोडलेला कुणी कधी पाहिला नव्हता. पण रांगेत सगळ्यांच्या पुढे, नळाच्या बरोबर खाली, काकांच्या घरातली निळी बादली होती. काका तिच्याजवळ उभे होते.

शिंदे म्हणाले, "काका, आज आमचा नंबर आहे."

"काल तुम्हाला पाणी मिळालं?"

"मिळालं की."

"मग थांबा जरा," काका म्हणाले. "ह्याला काल काहीच मिळालं नाही."

तेवढ्यात नितीन दारातून बाहेर आला. पहाटेच्या गाडीने आला असावा. डोळे सुजलेले, अंगात कालचाच शर्ट, आणि पँटवर मांडीपाशी निळ्या भुकटीचा पट्टा. त्याने आम्हा सगळ्यांना बघितलं, मग बादली बघितली. काय झालं ते आम्हाला कळलं आणि आम्हाला कळलंय हे त्याला कळलं. शिंद्यांनी आपली घागर पायाने मागे सरकवली. मीही माझा हंडा मागे घेतला, खरं तर माझा त्या रांगेत मधला नंबर होता आणि मागे घ्यायची काही गरज नव्हती.

नळ सुटला. नितीनने बादली भरली, तिथेच वाकून तोंडावर पाणी मारलं, आणि बराच वेळ मारत राहिला. काकांनी खांद्यावरचा टॉवेल त्याला दिला. "चल," म्हणाले, आणि पुढे होऊन पार्लरचं मागचं दार उघडलं. आत दिवा लागला. लाकडी चौकट टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. काका बॉल मांडत होते. मग पांढरा ठेवल्याचा बारीक टक्कन आवाज.

"फोड," काका म्हणाले.

शिंद्यांनी नळ बंद केला. पाणी जायची वेळ होत आली होती आणि त्यांची घागर अर्धीच भरली होती, तरी बंद केला. वर काकूंनी रेडिओ बंद केला. आम्ही सगळे अंगणात रिकामी-भरली भांडी घेऊन उभे होतो आणि आत काहीच होत नव्हतं. मग आवाज आला. एकच, घट्ट, कुठे फाटलेला नाही.

वरून काकूंनी विचारलं, "पांढरा?"

ह्या खेपेला उत्तर नितीनने दिलं, "मधोमध, आई."